गुडघ्यावरील कंडरेचे तुटणे व सांधणे : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आलोचन

१. शब्द आणि अवयव

मराठीत आज ‘स्नायू’ ह्या शब्दाने मांसपेशीचा बोध होतो. संस्कृत वैद्यकात त्याचा अर्थ निराळा होता. सुश्रुतसंहितेत मांसपेशीस ‘पेशी’ असे म्हटले असून, ‘स्नायु’ ही संज्ञा सांध्यांना व अवयवांना बांधून ठेवणाऱ्या चिवट तंतुमय बंधांना लावलेली आहे. ह्या बंधांचे चार प्रकार तेथे सांगितले असून त्यांपैकी दोरासारख्या वाटोळ्या बंधांस ‘कंडरा’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. मराठी परिभाषाकारांनी हाच शब्द पुढे चालविला. पेशीचे बळ हाडापर्यंत पोहोचविणारी जी दोरी, तिला आज मराठीत कंडरा म्हणतात. प्रस्तुत विवेचनात ‘स्नायू’ हा शब्द आजच्या अर्थाने योजिला आहे, आणि जेथे प्राचीन अर्थ अभिप्रेत आहे तेथे तसा स्पष्ट निर्देश केला आहे.

मांडीच्या पुढील भागातील चार स्नायू खाली येता येता एकत्र होतात व त्यांची एक रुंद, बळकट कंडरा बनते. ही कंडरा गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला चिकटते. वाटीच्या खालच्या टोकापासून निघालेला बंध नडगीच्या हाडाला जाऊन मिळतो. वाकलेला गुडघा सरळ करणे हे ह्या साऱ्या रचनेचे कार्य होय. उकिडवे बसून उठणे, विहिरीच्या पायऱ्या उतरणे, डोक्यावर ओझे घेऊन बांध ओलांडणे, तालमीत बैठका मारणे, ह्या सर्व क्रियांचा भार अखेर ह्या एका दोरीवर पडतो. काळ्या जमिनीच्या, कापूस-ज्वारीच्या परभणी जिल्ह्यात ह्या क्रिया माणसाच्या उपजीविकेचा पाया आहेत.

ही कंडरा सहसा बाहेरील घावाने तुटत नाही. पाऊल घसरते, गुडघा अर्धवट वाकतो, तोल सावरण्यासाठी मांडीचे स्नायू एकाएकी आवळले जातात, आणि शरीराचा भार व स्नायूंचे बळ ह्यांच्या ओढाताणीत कंडरा वाटीच्या थोडी वर तुटते. चाळिशी उलटलेल्या पुरुषांत हा प्रकार अधिक आढळतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार, वातरक्त, किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे ह्यांमुळे कंडरा आधीच दुबळी झालेली असते. तुटल्यावर वाटीच्या वर बोट बुडेल असा खळगा लागतो आणि उताणे निजून सरळ पाय उचलता येत नाही. तथापि त्वचा अभंग असते व हाडही मोडलेले नसते. काही तासांत सूज येऊन तो खळगाही झाकला जातो. कडेचे तंतू शाबूत राहिले, तर रोगी पाय ताठ ठेवून चार पावले चालूही शकतो. त्यामुळे ‘वाटी सरकली’ किंवा ‘शीर आखडली’ एवढ्यावर निदान थांबते. ह्या दुखापतीचा इतिहास पाहू जाता, कंडरा शिवण्याची विद्या कशी वाढली आणि त्या विद्येपर्यंत रोगी वेळेवर कसा पोहोचला, अशा दोन धाग्यांचा मागोवा घ्यावा लागतो. ह्यांतील दुसरा धागा अधिक निर्णायक आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. प्राचीन शल्यतंत्रातील स्थान

सुश्रुताच्या शारीरस्थानात मर्मांचे वर्णन करताना गुडघ्याच्या वर तीन अंगुळांवर ‘आणि’ नावाचे मर्म सांगितले आहे. त्याची गणना स्नायुमर्मांत केलेली आहे. तेथे इजा झाली असता सूज वाढत जाते व मांडी ताठरून राहते, असे त्याचे लक्षण दिले आहे. खुद्द गुडघ्याच्या ठिकाणी ‘जानु’ हे संधिमर्म असून त्याच्या इजेचा परिणाम लंगडेपणा होय, असे म्हटले आहे. दोन्ही मर्मे मृत्यू न आणता वैकल्य आणणाऱ्या वर्गात घातलेली आहेत. ‘आणि’ मर्माचे नेमके स्थान कोणते, ह्याविषयी मतभेद संभवतो. परंतु स्थान, घटक आणि परिणाम ह्या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या असता, वाटीच्या वरच्या कंडरेचे महत्त्व त्या निरीक्षकांच्या ध्यानात आले होते असे मानण्यास हरकत नाही. हाडे, पेशी, शिरा किंवा सांधे ह्यांच्या इजेपेक्षाही स्नायूंची इजा देहाला अधिक घातक ठरते, असाही अभिप्राय त्याच स्थानात आलेला आहे.

शिवण्याविषयीचे नियम सूत्रस्थानात आहेत. ताज्या जखमा आणि हलत्या सांध्यांवरील जखमा शिवण्यास योग्य मानल्या आहेत. त्यासाठी बारीक सूत, आपट्याच्या जातीच्या अश्मंतकाची साल, ताग, जवस, केस, मोरवेल व गुळवेल ह्यांचे तंतू, इतकेच नव्हे तर प्राण्यांचा स्नायु, असे धागे सांगितले आहेत. कमी मांसाच्या जागी व सांध्यावर दोन अंगुळे लांबीची वाटोळी सुई, आणि मांसल भागी तीन अंगुळांची त्रिधारी सुई वापरावी, असा भेदही केला आहे. येथे एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. हे सारे नियम उघड्या जखमेचे आहेत. अभंग त्वचेखाली तुटलेली कंडरा शोधून, त्वचा मुद्दाम उघडून ती सांधण्याचा विधी तेथे नाही. वेदनाशमन व जंतूंपासून संरक्षण ही दोन साधने हाती नसता तसा विधी सुरक्षितपणे करणे शक्यही नव्हते.

विश्रांती आणि हालचाल ह्यांविषयीचे प्राचीन विचार मात्र आजही विचारणीय आहेत. मांडी किंवा पोटरी मोडलेल्या रोग्यास फळीवर निजवून पाच खुंट्यांनी पाय स्थिर करण्याचा ‘कपाटशयन’ विधी चिकित्सास्थानात आला आहे. हाताच्या तळव्याच्या दुखापतीनंतर बळ परत आणण्यासाठी रोग्याने प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड हाती धरावा, असे सांगितले आहे. भार पायरीपायरीने वाढवीत नेण्याचे जे तत्त्व आज भौतिकोपचारात पाळले जाते, त्याचेच हे जुने रूप होय.

ही परंपरा मराठवाड्यास परकी नव्हती. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांच्या दरबारातील मंत्री हेमाद्री ह्याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. परभणीचा प्रदेश त्या काळी यादवांच्याच राज्यात मोडत होता. हेमाद्रीचे नाव ह्या भागात दगडी देवळांशी जोडले गेले. वैद्यकाचा टीकाकार म्हणून त्याची आठवण त्या मानाने कमी राहिली.

३. शिवण्याविषयीचे भय

पाश्चात्त्य वैद्यकात कंडरा शिवण्याच्या मार्गात शब्दानेच अडथळा आणला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. ग्रीक भाषेतील ‘न्यूरॉन’ हा शब्द कंडरा व मज्जातंतू ह्या दोहोंस लावला जाई. मज्जातंतूला सुई टोचली तर आचके येतात, असा इशारा दुसऱ्या शतकातील गेलेन ह्या वैद्याच्या ग्रंथांत आहे. पुढील अनुयायांनी त्याचा अर्थ कंडरेलाही लावला. परिणामी कंडरा शिवू नये असा समज युरोपात शतकानुशतके टिकून राहिला. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न सिना ह्याने कंडरा शिवण्यास अनुकूल मत दिले, असे शल्यशास्त्राचे इतिहासकार मानतात. त्याचा ‘कानून’ हा ग्रंथ युनानी वैद्यकाचा आधारस्तंभ होता, आणि निजामाच्या राज्यात युनानी वैद्यकास राजाश्रय होता. म्हणजे मराठवाड्यात वैद्य आणि हकीम ह्या दोघांच्याही ग्रंथपरंपरेत ह्या अवयवाविषयी काही ना काही विचार झालेला होता.

कंडरा संवेदनाशून्य आहे, तिला टोचल्याने आचके येत नाहीत, हे आल्ब्रेख्त फॉन हालर ह्याने १७५२ साली प्रयोगाने दाखविले. जुने भय त्यामुळे शास्त्रदृष्ट्या निराधार ठरले. तरीही गुडघ्यावर शस्त्र चालविण्यास शल्यविशारद धजत नव्हते, कारण सांधा उघडला की पू होणे आणि पुवामागून पाय किंवा प्राण जाणे हे जवळजवळ ठरलेले असे.

४. हैदराबाद राज्य आणि वेदनाशमन

एकोणिसाव्या शतकात ह्या प्रश्नाची दोन अंगे सुटली. १८४७ साली सिम्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणले. १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचे आपले विवेचन प्रसिद्ध केले. ह्यांपैकी पहिल्या अंगाशी परभणी ज्या राज्यात होती, त्या हैदराबादचा निकटचा संबंध आला. तेथील वैद्यकीय शाळा १८४६ साली निघाली होती. तिचे प्रमुख एडवर्ड लॉरी ह्यांच्या पुढाकाराने, निजामाच्या द्रव्यसाहाय्याने, १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी दोन आयोग नेमले गेले. क्लोरोफॉर्मने होणारे मृत्यू हृदय थांबल्याने न होता श्वास थांबल्याने होतात, हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. तथापि श्वासावर सतत लक्ष ठेवण्याची जी शिस्त त्यांनी आग्रहाने मांडली, तिचे मोल कमी लेखता येत नाही.

राजधानीतील ही विद्या जिल्ह्यापर्यंत पोहोचणे ही निराळी गोष्ट होती. त्या वेळी परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. परंतु लष्करी छावणीतील वैद्यकाचा पहिला हक्क शिपायाचा असे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्यातील मीटरमापी लोहमार्ग परभणीवरून गेला आणि हैदराबाद व मनमाड ही दोन्ही टोके जिल्ह्यास जोडली गेली. हैदराबादेतील अफझलगंजचे जुने रुग्णालय १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात उद्ध्वस्त झाले. त्याच्या जागी उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू १९२५ च्या सुमारास उभी राहिली. जिल्ह्यातील रोग्यासाठी मोठी शस्त्रक्रिया म्हणजे आता तीनशेहून अधिक किलोमीटरांचा रेल्वेप्रवास होता. मोडलेल्या मांडीसाठी किंवा मुतखड्यासाठी कोणी तो करीलही. ‘आखडलेल्या शिरे’साठी करणार नाही.

गावी हाडवैद्य होताच. निखळलेला खांदा बसविणे, मोडलेल्या हाडास बांबूच्या कामट्या बांधणे, लेप व शेक देणे ह्या कामांत त्याचे कौशल्य पिढीजात असे, आणि गोरगरिबांना त्याचा आधार मोठा होता. परंतु त्याची सारी कला हाडावर आधारलेली होती. ज्या दुखापतीत हाड जागच्या जागी आहे, तेथे त्याच्या बोटांना सापडण्यासारखे फारसे काही नसे. चोळण्याने व शेकण्याने सूज उतरे, वेदना कमी होत, आणि रोगी बरा होत आहे असा समज दृढ होई. तोवर तुटलेले टोक मांडीच्या दिशेने वर सरकून तेथेच चिकटलेले असे.

५. सांधण्याच्या विद्येची वाढ

लिस्टरने १८७७ साली फुटलेली गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेने जोडली आणि गुडघ्याचा सांधा निर्जंतुकपणे उघडता येतो हे सिद्ध केले. दहा वर्षांनी, १८८७ साली, न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी ह्यांनी मांडीच्या तुटलेल्या कंडरेची टोके शिवून रोगी पूर्ण बरा झाल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला. त्याने अस्थिचिकित्सेचे रूप पालटले, पण ह्या एका दुखापतीपुरता तो दुधारी ठरला. कारण साध्या क्ष-किरणचित्रात कंडरा दिसत नाही. वाटी नेहमीपेक्षा खाली उतरली आहे, एवढीच खूण जाणत्यास मिळते. ‘हाड शाबूत आहे’ हा चित्राचा कौल ऐकून परत पाठविलेल्या रोग्याची स्थिती हाडवैद्याने परत पाठविलेल्या रोग्याहून निराळी नसते.

इटलीतील बोलोन्याचे आलेस्सांद्रो कोदिविल्ला ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी, कंडरेस उलट्या ‘व्ही’च्या आकाराचा छेद देऊन तिची लांबी वाढविण्याची पद्धत जुन्या, आखडलेल्या तुटीसाठी उपयोगी पडली. कार्लो स्कुदेरी ह्यांनी १९५८ साली वीस तुटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंडरेच्याच वरच्या भागातून त्रिकोणी पट्टी उलटवून शिवणीवर पांघरण्याची त्यांची रीत आजही सांगितली जाते. १९८१ साली सिवेक व राव ह्यांनी गुडघा सरळ करणाऱ्या रचनेच्या तुटींचा मोठा आढावा घेतला. तत्काळ सांधलेल्या कंडरांचे फळ उत्तम वा चांगले मिळाले आणि उशिरा सांधलेल्यांचे उणे राहिले, हा त्यांचा निर्वाळा पुढील अभ्यासकांनी बहुतांशी मान्य केला आहे. १९८६ साली क्रॅको व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंडरेच्या कडांतून साखळीप्रमाणे अडकत जाणारा टाका प्रसिद्ध केला. आज सामान्यतः असा टाका कंडरेत घालून, वाटीतून उभी छिद्रे पाडून, न विरघळणारे मजबूत धागे त्यांतून खाली ओढून बांधतात. किंवा हाडात रोवलेल्या बारीक खिळीस ते अडकवितात.

शस्त्रक्रियेचा तास संपला तरी उपचार संपत नाही. पूर्वी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरचे नळकांडे सहा आठवडे ठेवीत. आता पट्ट्यांच्या आधाराने पाय सरळ ठेवून लवकर भार देऊ लागतात आणि शल्यविशारदाच्या अनुमतीने गुडघ्याचा वाक अंशाअंशाने वाढवितात. प्रथम जागच्या जागी मांडी आवळणे, मग सरळ पाय उचलणे, मग खुर्चीवरून उठणे, मग पायऱ्या, अशा क्रमाने चार ते सहा महिने जातात. पूर्ण बळ येण्यास वर्षही लागू शकते. मांडी घालून पंगतीत बसणे आणि उकिडवे बसणे ही सर्वांत शेवटची पायरी असते. पाश्चात्त्य ग्रंथांत ‘बरा झाला’ म्हणजे चालू लागला, जिना चढू लागला. परभणीच्या शेतकऱ्यास तेवढ्याने भागत नाही. त्याचे बरे होणे जमिनीवर बसता-उठता येण्यावर मोजले जाते.

६. काळ आणि अंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी परभणी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे मोठ्या शस्त्रगृहाचे अंतर जवळजवळ निम्म्यावर आले. १९७० च्या दशकात अंबाजोगाई येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९८८ साली नांदेड येथे निघाले, आणि २०२३ साली खुद्द परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दरम्यान २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर धावू लागली. एका शतकात तीनशे किलोमीटरांचे अंतर जिल्ह्याच्या गावापर्यंत आटले.

परंतु नकाशावरील अंतर आटल्याने ह्या दुखापतीचा काळ आपोआप आटत नाही. मार्च १९९७ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन ह्यांचे पाऊल फ्लॉरिडातील एका घराच्या पायरीवर चुकले व त्यांच्या उजव्या मांडीची कंडरा फाटली. त्याच दिवशी बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात ती सांधली गेली, आणि आठवड्याच्या आत चाकांच्या खुर्चीतून ते हेलसिंकीच्या परिषदेस गेले. त्यांच्या प्रकरणात विशेष असे जे होते, ते टाक्याचे कौशल्य नव्हे. तसे कौशल्य आज मराठवाड्यातही उपलब्ध आहे. पडल्याबरोबर कोणीतरी जाणत्याने पाय पाहिला आणि ‘सरळ उचलून दाखवा’ असे म्हटले, ह्याला महत्त्व आहे.

काही आठवडे लोटले म्हणजे वर सरकलेले टोक खाली आणता येत नाही. मग कंडरा लांबवावी लागते किंवा दुसरीकडील कंडरा आणून भर घालावी लागते, आणि पाय थोडा दुबळाच राहतो. मृगाच्या पेरणीत घसरलेल्या माणसाची कंडरा वेळेवर सांधली गेली, तरी त्याची सुगी इतरांच्या हातांनीच होते. दिवाळीनंतर, रब्बीच्या मध्यावर, तो पुन्हा शेतात उभा राहू शकतो. तीच ओळखण्यात दोन महिने गेले, तर पुढचा मृगही हातचा जाण्याचा संभव असतो. रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक एका घराच्या निर्वाहाचा फरक ठरतो.

ह्या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य असे की, प्राचीनांनी गुडघ्यावरील तीन अंगुळांची जागा ओळखली, हालरने भय घालविले, सिम्सन व लिस्टर ह्यांनी मार्ग मोकळा केला, आणि गेल्या शतकाने टाका बळकट केला. उरलेले काम शस्त्रगृहाच्या बाहेरचे आहे. वाटीच्या वर बोट फिरवून खळगा पाहणे आणि रोग्यास पाय उचलावयास सांगणे, ह्या परीक्षेस यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसाही लागत नाही. ती प्राथमिक आरोग्यकेंद्रातील परिचारिकेस, गावच्या आशा कार्यकर्तीस आणि हाडवैद्यासही करता येण्यासारखी आहे. पाय उचलला जात नसेल तर चोळू नये, पाय सरळ बांधावा आणि रोग्यास त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी धाडावे, एवढे ज्ञान गावोगाव रुजले, तर ह्या दुखापतीच्या इतिहासातील सर्वांत जुनी उणीव भरून निघेल.